केसभर तिरकं पातं

बोनारियाने लारेंतुकडे चाकू घडवायला टाकलाय, ही बातमी माझ्या दुकानात आली तेव्हा मागच्या टेबलावरच्या चौघांनी पत्ते पालथे घातले. माझं दुकान म्हणजे पुढे मीठ, साखर, दोरखंड, रॉकेल आणि मागे वाइनची दोन टेबलं. गावातलं भांडण आधी तिथे येतं आणि मग पाद्रीबाबांकडे जातं.

या भांडणाला मात्र सव्वीस वर्षं झाली होती. लारेंतु फोईस आमच्या गावातला चाकू घडवणारा. त्याचा बाप तेच करायचा, आजाही. त्याची धाकटी बहीण कातेरिना हिचं एलियास लेद्दाशी ठरलं होतं. चादरी विणून झाल्या होत्या, लग्नाचे पाव भाजायला बायका ठरल्या होत्या. ईस्टरला पंधरा दिवस राहिले असताना एलियासचं मन फिरलं आणि त्याने बोनारियाच्या घरी मागणी घालायला माणूस पाठवला. बोनारिया हो म्हणाली. कातेरिना त्याच उन्हाळ्यात बोटीत बसून बेटाबाहेर, तोरिनो शहराकडे गेली, कारखान्यात लागली, परत आली नाही. तेव्हापासून लारेंतुने एलियासला ओळख दाखवली नाही. आणि बोनारिया, जिच्याबरोबर तो लहानपणी एकाच ओढ्यात बेडूक पकडायचा, तिला तो ‘एलियासची बायको’ म्हणू लागला आणि समोर आलीच तर अहो-जाहो करू लागला. तीन हिवाळ्यांपूर्वी एलियास छातीच्या दुखण्याने गेला. लारेंतु अंत्ययात्रेला आला नाही. त्याच्या कानशीची खरखर त्या दिवशी देवळापर्यंत ऐकू येत होती.

एलियासकडे लारेंतुच्या बापाने केलेला घडीचा चाकू होता. एलियासच्या मागे तो बोनारिया वापरायची, कारण मेंढ्याही तीच राखायची. धार लावून लावून पातं दात कोरायच्या काडीएवढं उरलं होतं. त्या उन्हाळ्यात ते मोडलं.

मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत. मी म्हणाले, "पत्तादाला जा. बसने दोन तास. तिथे चाकूवाले पैशाला पासरी आहेत."

"आणि गाव म्हणेल, घाबरली."

"म्हणू दे की."

"नाही म्हणू देणार. शिवाय याच्यासारखं पातं पत्तादातही कोणी करत नाही. माणूस कसाही असो."

गेली. ऐरणीसमोर उभी राहिली. लारेंतुने मान वर केली नाही.

"कोणाला हवाय?" त्याने विचारलं.

"मला."

"बायका असला चाकू बाळगत नाहीत."

"बायका मेंढ्याही राखत नाहीत म्हणे. माझ्या एकशे चाळीस आहेत, त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही."

त्यावर तो बराच वेळ कानस मारत राहिला. मग म्हणाला, "द्राक्षं उतरली की या."

द्राक्षं उतरल्यावर ती चाकू घेऊन थेट माझ्याकडे आली. तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बघ." मला चाकूतलं काय कळणार? मेंढ्याच्या शिंगाची पिवळट मूठ, मेंदीच्या पानाच्या घाटाचं पातं, गळ्याशी पितळेची नक्षीदार पट्टी. मी म्हणाले, "सुंदर आहे."

"मिटून बघ."

मी मिटला. आत जाताना पातं शिंगाला घासलं, नखाने पाटी खरवडावी तसं. उजेडात धरलं तर दिसलं, मुठीच्या फटीत ते मधोमध बसत नव्हतं, डाव्या बाजूला टेकत होतं. केसभर. आणि त्या बाजूच्या चकाकत्या अंगावर एक बारीक ओरखडा आला होता.

मागच्या टेबलावर तिऊ बाकीस बसले होते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तिऊ म्हणतात, मग तो कोणाचा काका असो वा नसो. एक्क्याऐंशी वर्षांचे, सात वर्षांचे असल्यापासून मेंढ्यांमागे. चाकूच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बोनारियाने चाकू त्यांच्यासमोर नेऊन ठेवला.

"परत करण्यासारखा आहे का सांगा."

म्हाताऱ्याने चाकू उघडला. पात्याचं टोक चिमटीत धरून इकडेतिकडे हलवलं. "आडवं हलत नाही." अंगठ्याने मूठ चाचपली. "शिंगाला खिळ्यापाशी तडा नाही." मग उघडा चाकू पात्याचं टोक वर करून धरला आणि दोनदा झटकला. "आपलं आपण मिटत नाही. खिळा घट्ट आहे." शेवटी मनगटावरचे दोन केस भादरून पाहिले. "धार तर अशी की सासूची जीभ." ते म्हणाले, "मग परत काय म्हणून करायचा? आडवं हललं असतं तर मीच म्हणालो असतो, जा, त्याच्या अंगावर फेक. महिन्याभरात धार गेली तरी फेक. हे डोळ्याचं दुखणं आहे, हाताचं नाही. माझी बायको तिरळी होती, पन्नास वर्षं संसार केला."

माणसं हसली. बोनारिया हसली नाही.

"लारेंतुचे किती चाकू पाहिलेत तुम्ही, तिऊ?"

"शंभर तरी."

"त्यातला एखादा असा बसायचा?"

म्हाताऱ्याने चाकू पुन्हा उचलला. उजेडात धरला, मिटला, उघडला, परत मिटला. मग सावकाश तिच्याकडे सरकवला.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही."

बोनारियाने चाकू एप्रनच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती लारेंतुकडे गेली. मी नव्हते, पण तिथे दोघे मेंढपाळ कात्र्यांना धार लावून घ्यायला बसले होते आणि संध्याकाळी दोघांनी माझ्याकडे येऊन जे सांगितलं ते शब्दाला शब्द जुळलं.

तिने सांगितलं, पातं एका बाजूला झुकतंय.

लारेंतुने चाकू हातातही घेतला नाही. "कापतो का?"

"कापतो."

"उघडतो, मिटतो?"

"घासून मिटतो. सरळ करून द्या."

तेव्हा त्याने कानस खाली ठेवली आणि त्या दोघांकडे बघत, तिच्याकडे नव्हे, म्हणाला, "एलियासही एका बाजूला झुकला होता. तो कुठे परत केलात?"

दोघे हसले. मला सांगताना ते ओशाळले होते, पण तिथे हसले होते, हे त्यांनी कबूल केलं. बोनारिया आली तशी निघून गेली.

त्या दिवसापासून तिने तो चाकू कधी खिशात ठेवला नाही, पट्ट्याला बाहेर लटकवला. माझ्या दुकानात येऊन त्याने चीज कापायची, दोर कापायची, कापून झालं की सगळ्यांना ऐकू जाईल असा खर्रकन मिटायची. चाकूबद्दल अवाक्षर नाही. लारेंतु वाइन प्यायला आला असेल तर त्याच्याकडे पाठ करून, पण हमखास मिटायची. तो पेल्यात बघत राहायचा. मला वाटतं, त्याला मजा येत होती. पहिले काही महिने तरी.

मी तिला एकदा म्हणाले, "अगं, कशाला स्वतःला जाळून घेतेस? दुसरा घे."

"का घेऊ? माझा आहे हा."

"रोज मिटताना तुला तेच आठवत असेल."

"आठवू दे. मी विसरावं म्हणून नाही वापरत."

हिवाळ्यात कोकरं जन्मली, पाऊस झोडपत होता. फेब्रुवारीत एकदा ती मूठभर वेलींच्या काटक्या सोलत माझ्या ओट्यावर बसली होती. तिऊ बाकीस काठी टेकत येत होते. थांबले आणि म्हणाले, "दाखव बरं."

त्यांनी चाकू उघडून पहिल्यासारखाच टोक वर करून धरला, झटकला. पातं धप्पकन मिटलं.

"खिळा एका बाजूने झिजलाय," ते म्हणाले. "तिरका बसत होता ना, सगळा जोर एकाच अंगाला. बोनारिया, आता हे हाताचं दुखणं झालं. आता जायचं त्याच्याकडे. आजच."

"बघू."

"बघू काय? आपल्या चाकूला ना कुळूप ना स्प्रिंग. खिळ्याच्या आवळपणावर पातं उभं राहतं. तो सैल झाला की तो चाकू नाही, सापळा आहे."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? कळतं मला कसा धरायचा."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "लारेंतु एलियासबद्दल बोलला ते अजून ऐकू येतंय का तुला?"

"तुम्ही चला, तिऊ. पाऊस येईल."

ती गेली नाही. मीही दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे. लारेंतुने जे केलं ते केलं. पण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस तिचे स्वतःचे होते.

एप्रिलमध्ये एका मेंढीने कुंपणाच्या सुतळीत गळा अडकवून घेतला. बोनारिया एकटीच होती. मेंढी धडपडत होती, फास आवळत होता. बोनारियाने गुडघ्याने तिला दाबून धरलं, सुतळीखाली चाकूचं टोक घातलं आणि धार वर करून जोरात ओढलं. मेंढीने हिसका दिला आणि पातं सुतळी कापण्याऐवजी तिच्या उजव्या हातावर मिटलं. धार इतकी चांगली होती की तिला आधी काही कळलंच नाही, असं ती म्हणाली. मेंढीच्या लोकरीवर लाल दिसलं तेव्हा वाटलं, मेंढीच कापली. तशातच तिने डाव्या हातात चाकू घेऊन सुतळी कापली, मेंढी सोडली आणि मग गावाकडे चालायला लागली. माझ्या दारात आली तेव्हा एप्रन कोपरापर्यंत गुंडाळलेला होता आणि चेहरा चुन्यासारखा.

तालुक्याच्या डॉक्टरने मधलं बोट वाचवलं. तर्जनीची शीर तुटली होती. त्याने टाके घातले आणि सांगितलं, हे बोट आता वाकणार नाही. सरळ राहील, काठीसारखं. बोनारियाने विचारलं, "दूध काढता येईल?" डॉक्टर शहरातला होता. म्हणाला, "बाकीची नऊ बोटं आहेत की." एकशे चाळीस मेंढ्यांचं दूध रोज दोनदा काढणाऱ्या बाईला.

अकराव्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. हाताला पट्टी, डाव्या हातात फडक्यात गुंडाळलेला चाकू.

"चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"लारेंतुकडे. तू नुसती उभी राहा. बोलू नकोस. फक्त ऐक."

मी दुकानाला कडी लावली.

लारेंतु एकटाच होता. भाता बंद होता, तो एक शिंग रंध्याने तासत बसला होता. बोनारियाने फडकं ऐरणीवर ठेवून उलगडलं. रक्त वाळून काळं झालं होतं. तिने चाकू पुसला नव्हता.

"परत करायला आले," ती म्हणाली.

त्याने आधी तिच्या पट्टीकडे पाहिलं, मग चाकूकडे. गावाला माहीत होतं तसं त्यालाही माहीत असणार, पण चाकू त्याने पाहिला नव्हता. त्याने तो उचलला, उघडला, टोक वर केलं. पातं आपोआप खाली आलं. त्याने पुन्हा उघडलं. पुन्हा आलं. मग तो खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ खिळ्याकडे बघत उभा राहिला. माझ्याकडे त्याची पाठ होती. पाठ जरा वाकल्यासारखी वाटली, पण ते मी नंतर मनाने भरलं असेल.

"खिळ्याचं भोक मी एका बाजूने घासलं होतं," तो म्हणाला. "केसभर."

"मुद्दाम?"

"चुकून माझ्या हातून काही होत नाही."

"कशासाठी?"

"तू रोज तो मिटावास म्हणून. मिटताना घासावा आणि परत करण्याइतका वाईट नसावा. कोणाला दाखवलास तर त्याने म्हणावं, एवढं काय त्यात. बस. इतकंच." तो वळला. "बोट जावं असं त्यात नव्हतं. मी मोजून दिलं होतं."

सव्वीस वर्षांनी तो तिला तू म्हणाला होता. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तिच्या आलं असेल, पण तिने तोंडावर दाखवलं नाही.

"मोजून दिलंस," बोनारिया म्हणाली. "तुला मोजता येत नाही, लारेंतु. तुझ्या बापाला यायचं. त्याचा चाकू मी मोडेपर्यंत वापरला, शेवटच्या दिवशीही त्याचा खिळा घट्ट होता. तू सहा महिन्यांचा चाकू करतोस."

त्याला कानाखाली मारली असती तरी चेहरा तसा झाला नसता.

"आणि तू?" तो ओरडला नाही, पण आवाज घशातून घासत आला. "खिळा सैल झाला तेव्हा का आली नाहीस? आठ दिवसांत हातात कळतं. गावातला कोणताही मेंढपाळ आला असता, माझ्या तोंडावर फेकून गेला असता आणि मी तासाभरात घट्ट करून दिला असता. तू लटपटता चाकू घेऊन धार वर करून ओढतेस? हे एलियासने शिकवलं?"

"तू मला दोघांसमोर काय म्हणालास ते आठवतंय?"

"आठवतंय."

"म्हणून नाही आले."

"म्हणजे बोट माझ्या बोलण्यावर घालवलंस."

"अर्धं तुझ्या पात्यावर आणि अर्धं तुझ्या बोलण्यावर. माझा त्यात काही वाटा नाही असं नाही. पण तुझं भांडण एलियासशी होतं, तो मेला. तू ते उचलून माझ्या हातात दिलंस."

"त्याने माझ्या बहिणीचं आयुष्य…"

"तुझ्या बहिणीला तोरिनोत ट्रामवाला नवरा आहे, दोन मुलं आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर घर आहे," बोनारिया म्हणाली. "दर नाताळला मला कार्ड येतं. एलियास गेला तेव्हा दोन पानी पत्र आलं. तुला येतं का?"

मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं की कातेरिना हिला लिहिते. शेजारीण असून ठाऊक नव्हतं.

"मला दुसरा हवा," बोनारिया म्हणाली. "सरळ. डाव्या हाताचा, पातं उघडायची नखाची खाच पलीकडच्या बाजूला. आणि रविवारी हिच्या, मिन्नियाच्या, दुकानात येऊन माणसांसमोर सांगायचं, काय केलंस ते."

"चाकू देईन. दुसरं नाही."

"मग मी सांगेन."

"सांग. म्हणतील, बाईच्या जातीला चाकू धरता येत नाही, आता लोहारावर ढकलतेय."

बोनारियाने माझ्याकडे मान वळवली. मग लारेंतुनेही पाहिलं. इतका वेळ तो मला विसरलाच होता.

"मिन्निया," तो म्हणाला, "तू काही ऐकलेलं नाहीस."

"मी दारात उभी आहे," मी म्हणाले. "माझे कान चांगले आहेत."

त्या संध्याकाळी मी सांगितलं. सगळं नाही, कातेरिनाच्या कार्डांचं नाही, ते माझं नव्हतं. पण खिळ्याचं सांगितलं. टेबलावरच्या माणसांनी ऐकून घेतलं, आणि मग जे झालं त्याचा विचार बोनारियाने केला नव्हता, लारेंतुने तर नाहीच. एकाने खिशातून आपला चाकू काढला. तो लारेंतुचाच होता. त्याने तो दिव्यासमोर धरून मिटला आणि एक डोळा बारीक करून फटीत पाहिलं. मग दुसऱ्याने आपला काढला. गेल्या वर्षी पाटाच्या पाण्यावरून त्याचं लारेंतुशी वाजलं होतं.

"हे डावीकडे जरा जास्त नाही वाटत?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"हे बघ ना. इथे."

आमच्या गावात लारेंतुशी कधी ना कधी ज्याचं बिनसलं नाही असा माणूस सापडणं कठीण. कोणी त्याच्या कुत्र्याला दगड मारलेला, कोणी देवळात त्याच्या बाकावर बसलेला. आठवड्याभरात प्रत्येकाला आपापलं जुनं भांडण आठवलं आणि त्याबरोबर आपल्या चाकूत खोटही दिसायला लागली. सात जणांनी चाकू परत नेले. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले चाकू. एकाने तर बापाकडून आलेला नेला, जो लारेंतुने केलेलाच नव्हता, त्याच्या बापाने केलेला होता. लारेंतुने पहिल्या दोघांना समजावलं, तिसऱ्याला शिव्या दिल्या, पाचव्याच्या अंगावर हातोडी घेऊन धावला. सातवा गेला तेव्हा दार बंद होतं. त्याने चाकू उंबऱ्यावर ठेवला आणि वर दगड ठेवून आला.

तिऊ बाकीसांनी एक दिवस टेबलावर काठी आपटली. "मूर्खांनो, माझ्या हातून गेलेत त्याचे शंभर चाकू. ते सरळ आहेत."

"बोनारियाचाही तुम्ही चालेल म्हणाला होतात, तिऊ," कोणीतरी म्हणालं.

रविवारी, प्रार्थना सुटल्यावर दुकान भरलेलं असताना, लारेंतु आत आला. बोनारिया पुढच्या बाजूला माझ्याकडून चीजमध्ये घालायला मीठ घेत होती. तो तिच्या शेजारून गेला, मागच्या टेबलापाशी उभा राहिला. टोपी काढली नाही. वाइन मागितली नाही.

"एलियासच्या बायकोचा चाकू मी बिघडवून दिला," तो म्हणाला. "जाणूनबुजून. तिचं बोट त्यापायी गेलं. फक्त तिचा. बाकी तुमच्यापैकी कोणाचाही चाकू वाकडा नाही, आणि ज्याला तसं वाटतं त्याने डोळे तपासून घ्यावेत."

कोणीतरी विचारलं, "आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"कारण तुमच्यापैकी कोणाचाही मला तेवढा राग येत नाही," लारेंतु म्हणाला. "तुमची लायकी नाही तेवढी."

आणि तो गेला. मग तिऊ बाकीस खदखदून हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. त्या माणसाने माफी मागितली नव्हती, उलट सगळ्यांचा अपमान करून गेला होता, पण विश्वास बसला. दुसऱ्या दिवसापासून लोक आपापले चाकू मुकाट्याने लारेंतुकडून परत आणू लागले. बोनारियाने मिठाची पिशवी उचलली, तीही डाव्या हाताने, आणि मला म्हणाली, "अर्धा किलो अजून दे. कमी पडेल." बाकी काही नाही.

नवा चाकू व्हायला सहा आठवडे लागले. एवढ्या दिवसांत ती दूध काढायला शिकली. उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा, बाकी सगळा भार डाव्यावर. सुरुवातीला मेंढ्या लाथा मारायच्या. रात्री मनगट सुजायचं, मी व्हिनेगरच्या पट्ट्या बांधून द्यायची. तिच्या तोंडून लारेंतुचं नाव मी एकदाच ऐकलं, पट्टी बांधताना: "त्याचा बाप असता तर त्याने त्याला फोडून काढला असता."

चाकू तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा ती मला आणि तिऊ बाकीसना घेऊन गेली. लारेंतुने चाकू कापडावर ठेवला आणि आपण लांब भिंतीशी जाऊन उभा राहिला. या वेळी काळं शिंग होतं, पट्टी साधी, नक्षी नाही. खाच पलीकडे. बोनारिया दारात उन्हात बसली आणि तिने तो चाकू जसा तपासला तसा मी कधी कोणाला तपासताना पाहिला नाही. डाव्या हाताने उघडला, मिटला, कानाशी धरून मिटला. आवाज नाही. फटीत गवताची काडी घालून दोन्ही बाजूंनी फिरवली. टोक वर करून झटकला, मग उंबऱ्याच्या दगडावर मूठ आपटली, पुन्हा झटकला. पातं हललं नाही. मग तिऊंकडे दिला. म्हाताऱ्याने बघितला, पुन्हा बघितला आणि मान हलवली.

"काही नाही," ते म्हणाले. "मला तर काही सापडत नाही."

अर्धा तास गेला असेल. लारेंतु तसाच भिंतीशी. त्याच्या कपाळावर घाम होता.

बोनारियाने चाकू पट्ट्याला अडकवला. "ठेवते," ती म्हणाली.

"कापून बघितला नाहीत," लारेंतु म्हणाला. परत तुम्ही.

"कापणारच. कापण्यात तुमचं कधी काही चुकलं नव्हतं."

ती उठून चालू लागली. तिऊ बाकीस काठी शोधत होते, म्हणून मी मागे राहिले आणि म्हणून मला दिसलं. लारेंतुने जुना चाकू, रक्त तसंच असलेला, फळीवरून काढला, ऐरणीवर ठेवला आणि पितळेच्या पट्टीवर हातोडीचा एकच घाव घातला. शिंगाचे तुकडे माझ्या पायाशी आले. ते त्याने तिच्यासमोर का केलं नाही, कोणास ठाऊक. मी तिला सांगितलं नाही.

समेट झाला असं कोणी समजू नये. धार गेली की बोनारिया घरच्या दगडावर स्वतः लावते, त्याच्याकडे जात नाही. देवळात तो उजव्या रांगेत बसतो, ती डाव्या. त्याने तोरिनोला पत्र टाकलं असं पोस्टातला माणूस म्हणाला, उत्तर आलं की नाही ते कळलं नाही.

वर्ष उलटल्यावर, गेल्या जूनमध्ये, मेंढ्या वरच्या कुरणाकडे नेताना ती लोहारगल्लीतून चालली होती. ती गल्ली इतकी अरुंद की दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. लारेंतु पाण्याची घागर घेऊन समोरून आला. मागे फिरायला त्याला वेळ होता, पण तो फिरला नाही, आणि तिनेही मेंढ्या अडवल्या नाहीत. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि एकशे चाळीस मेंढ्या त्याच्या गुडघ्यांना घासत गेल्या. घागर त्याने डोक्यावर धरली होती. सगळ्यात शेवटी बोनारिया गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझी वरची खिडकी त्या गल्लीवरच उघडते, तिथे मी कपडे वाळत घालत होते. ती पुढे निघून गेली तरी तो बराच वेळ तसाच उभा होता, मग त्याने विजारीवरची लोकर झटकली आणि घरात गेला.